मालमोटारींचा कर आणि मुदतवही
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



ज्याने जन्मभर वणी तालुक्यातील मुलांस पाढे शिकविले, त्याने मोटारींच्या करावर बोलावे, हे आपणांपैकी काहींस चमत्कारिक वाटेल. परंतु सेवानिवृत्तीनंतर मी पुतण्याच्या मालमोटारींचे दप्तर सांभाळीत आहे, आणि त्या दप्तराने मला जे शिकविले ते आपल्यापैकी अनेक घरांच्या उपयोगाचे आहे. आपल्या आजोबांच्या पिढीत कापसाच्या बैलगाड्या हाकणारे होते. आज त्यांच्या नातवांपैकी कित्येकांजवळ दोन, पाच, दहा मालमोटारी आहेत. उकणी व घोन्सा येथील कोळसा, राजूरचा चुना, मुकुटबनचे सिमेंट यांच्या वाहतुकीवर ही घरे चालतात.

मोटारीवरील कर हा राज्य सरकारचा विषय. आपला जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता तेव्हा तेथील १९४७ चा कायदा आपणांस लागू होता. १९५६ साली आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १९५८ च्या मुंबई मोटार वाहन कर अधिनियमाने निरनिराळ्या विभागांस एकच नियम लावला. तोच कायदा आज महाराष्ट्राच्या नावाने चालतो. अवजड मालमोटारीचा कर तिच्या मालासह एकूण वजनावर ठरतो. त्याखेरीज योग्यता-प्रमाणपत्र आहे. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीस ते दोन वर्षांचे मिळते, त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. शिवाय विमा, परवाना आणि धुराचे प्रमाणपत्र. नऊ मालमोटारी आणि प्रत्येकीचे पाच कागद, म्हणजे पंचेचाळीस मुदती झाल्या. शाळेत पंचेचाळीस मुलांची हजेरी मी रोज घेत असे. परंतु मुले समोर बसलेली असतात. मुदती डोळ्यांस दिसत नाहीत.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. पुतण्याच्या एका गाडीचे इंजिन पावसाळ्यात उघडले आणि ती चार महिने आवारात उभी राहिली. गाडी वापरात राहणार नसेल, तर तशी आगाऊ लेखी सूचना दिली असता त्या काळाचा कर माफ होऊ शकतो, अशी कायद्यात तरतूद आहे. आम्हांस ती ठाऊक नव्हती. सूचना दिली नाही आणि कराची मुदतही त्याच काळात उलटून गेली. गाडी दुरुस्त होताच माल भरून निघाली, आणि जिल्ह्याबाहेरच्या रस्त्यावर तपासणीत अडविली गेली.

कर तत्काळ भरू म्हटले, तर संगणकावर भरताना परवलीचा आकडा नोंदलेल्या भ्रमणध्वनीवर येतो. आणि सरकारी नोंदीत क्रमांक होता तो आमचा नव्हे, पूर्वी कागदपत्रे करून देणाऱ्या मध्यस्थाचा! मुदतीची सूचनाही आली असेल, तर त्याच्याच कानी गेली. तो परगावी गेलेला. यांत दोन दिवस गेले. गाडीचा चालक पंधरा वर्षे आमच्या घरचाच झालेला मनुष्य. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीचे साक्षगंध होते. ते त्याच्यावाचून झाले. परत आल्यावर तो एवढेच म्हणाला, "गुरुजी, गाडी तुमची, कागद तुमचा, मंग थांबलो मी काऊन?" या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. कर व व्याज आम्ही भरले, परंतु तो दिवस त्यास परत देता आला नाही.

तेव्हापासून मी मुदतवही संगणकावर घेतली. एका गाडीस एक ओळ. ओळीत गाडीचा क्रमांक, एकूण वजन आणि पाचही मुदती. तीस, पंधरा आणि तीन दिवस आधी पुतण्यास व मला आपोआप संदेश येतो. सर्व गाड्यांच्या नोंदीतील भ्रमणध्वनी क्रमांक आम्ही बदलून घेतले. मोठ्या कंपन्यांत याहून पुढची व्यवस्था असते. तेथे देय रकमेचा हिशेब यंत्रच मांडते, मालकाने संमती दिली की कर भरला जातो, आणि पावती त्या गाडीच्या खात्यात जाऊन बसते.

हे नवल नव्हे. ब्रिटनमध्ये १९२१ पासून कर भरल्याची कागदी चकती मोटारीच्या काचेवर लावीत असत. १ ऑक्टोबर २०१४ पासून ती बंद झाली. नोंद संगणकात गेली, तपासणी कॅमेरे करू लागले आणि बँकेतून परस्पर कर भरण्याची सोय झाली. आपल्याकडेही 'वाहन' या राष्ट्रीय नोंदवहीत गाड्यांची माहिती आहे, आणि २०१८ पासून अधिकृत संगणकीय कागदपत्रे मूळ कागदांप्रमाणे ग्राह्य धरली जातात. अर्थात रस्त्यावरील अधिकाऱ्यास आपली थकबाकी क्षणात दिसते. मग ती मालकास त्याच्या आधी दिसावयास नको काय?

तथापि यंत्रावर सर्व भार टाकून निश्चिंत होऊ नये. वजनाचा आकडा चुकीचा लिहिला, तर यंत्र चुकीचाच हिशेब मांडील. विकलेल्या गाडीचे नाव वहीत राहिले, तर तिचाही कर भरावयास सांगेल. इंजिन उघडलेली गाडी किती दिवस उभी राहणार आणि सूचना द्यावयाची की नाही, हे ठरविणे माणसाचेच काम आहे. म्हणून प्रत्येक घरी एक व्यक्ती जबाबदार असावी, आणि गाडी आवाराबाहेर पडण्यापूर्वी तिने ती ओळ डोळ्यांखालून घालावी. आम्ही चालकासही ती ओळ दाखवितो. कागद अपुरा असल्यास गाडी न काढण्याचा अधिकार आम्ही त्यास दिला आहे.

मंडळास माझी एक विनंती आहे. दिवाळीच्या सुटीत दोन दिवस सभागृह द्यावे. ज्यांच्या घरी गाड्या आहेत त्यांनी आपले कागद घेऊन यावे. आपल्या शिकलेल्या मुला-मुलींकडून प्रत्येकाची मुदतवही तयार करवून घेऊ, आणि नोंदीतील क्रमांक आपलाच आहे की नाही तेही तपासू. शुल्क काही नाही. फळ्याजवळ मी उभा राहीनच.