कण तेच, मांडणी निराळी



सजीवांच्या देहातील रेणू हा आजचा विषय. पण त्यासाठी आपल्याला प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही. जोंधळ्याच्या बांधावर उभे राहिले तरी पुरे. दाणा माणूस खातो, कडबा बैल खातो. वास्तविक दाण्यातील पिष्ट आणि कडब्यातील सेल्युलोज या दोन्ही ग्लुकोज या एकाच साखरेच्या लांब साखळ्या! फरक एवढाच की, सेल्युलोजमध्ये प्रत्येक पुढची कडी उलटी बसवलेली असते. पिष्टाचा सांधा तोडणारा रस आपल्या लाळेतच आहे. हा दुसरा सांधा तोडणारा रस आपल्यापाशी नाही. खरे म्हणजे तो बैलापाशीही नाही. त्याच्या पोटातले सूक्ष्म जंतू ते काम करतात, आणि हा त्यांच्या जिवावर रवंथ करीत बसतो. घरात दाणा नसला आणि परड्यात कडब्याची गंजी उभी असली, तरी माणूस उपाशी राहतो तो या एका सांध्यापायी.

स्निग्ध पदार्थांची महती तुपाच्या भक्तांना आम्ही काय सांगावी? पेशीचे आवरणही त्याच कुळातल्या रेणूंचे असते, एवढे ध्यानात असू द्यावे.

प्रथिनांची गोष्ट मात्र सावकाश ऐकण्याजोगी आहे. वीस प्रकारची अमिनो आम्ले एका ओळीत गुंफून ती तयार होतात. ओळ जशी असेल तशी साखळीची घडी पडते, आणि घडीवर तिचे काम ठरते. रक्तातील हिमोग्लोबिन घ्या. त्याच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आले, की प्राणवायू सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून ताठ काड्या होतात. तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि रोग्याच्या हाडांत असह्य कळा येतात. हाच सिकलसेल. यातला नेमका फरक व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ साली केंब्रिजमध्ये शोधून काढला. प्रथिनांचा पाठ न्यूक्लिक आम्लात लिहिलेला असतो. तेथे एकच अक्षर बदललेले असते.

हे दुखणे आपल्याला परके नाही. विदर्भात, नंदुरबारकडच्या आदिवासी पाड्यांत ते आहे. बदललेले अक्षर आईबापांपैकी एकाकडूनच आले, तर हिवतापापासून बरेच रक्षण मिळते; म्हणूनच ते हिवतापाच्या मुलखात टिकले. असा माणूस बहुधा धडधाकट असतो, आणि आपल्या रक्तात काय आहे याचा त्याला पत्ताही नसतो. नवराबायको दोघेही असे असले, तर दर खेपेस मूल रोगी निपजण्याचा संभव चारांत एक. रक्ताच्या तपासणीने हे लग्नाआधी कळते. पत्रिका पाहणाऱ्या मंडळींनी हीही पत्रिका पाहावी, असे आमचे मत आहे. मात्र ती नुसती मुलीची नव्हे, मुलाचीही. एकाच बाजूच्या अक्षराने हा रोग होत नाही.