एत्सा : मसलत आणि बेत

म्हैसूरच्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत पडलेले बेने इस्राएली अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर सुटून आले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईत मांडवीला आपल्या मराठीभाषक समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं.

या समाजाच्या हिब्रू शास्त्रात 'एत्सा' हा शब्द वारंवार येतो.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला प्रसंग फार बोलका आहे. बापावर, म्हणजे दाविदावर, उलटलेल्या अबशालोमाला अहीथोफेल सांगतो, आज रात्रीच पाठलाग करू. हूशय म्हणतो, थांबा, आधी सगळं इस्राएल गोळा करा. दोघांचीही ती एत्सा, म्हणजे मसलत. अबशालोम हूशयाचं ऐकतो आणि दावीद निसटतो.

नीतिसूत्रांच्या १९व्या अध्यायात मात्र एत्सा देवाची आहे. तिथे अर्थ होतो ठाम, टिकणारा बेत. माणसाच्या मनातल्या बेतांना तिथे वेगळा शब्द आहे, 'महशावोत'.