भुंगा कोणाचा, तुरीचा की ज्वारीचा?



गेल्या हंगामात आम्ही ज्वारी आणि तूर एकाच गाडीत घालून बाजारात नेली. ज्वारीच्या पोत्यावर दोन भुंगे फिरताना दिसले. व्यापाऱ्याने एक चिमटीत धरला, "माल किडका आहे" म्हणाला आणि ज्वारीचा भाव पाडला. आम्ही गप्प बसलो. दुसरा भुंगा पुडीत बांधून घरी आणला, भिंगाखाली धरला, तर तो तुरीचा निघाला. ज्वारीच्या दाण्यात तो वाढतच नाही!

ज्वारी पोखरणाऱ्या सोंडकिड्याला डोक्यापुढे सोंड असते, अंग लांबट. तुरीचा भुंगा बुटका, मागे रुंद. सोंड नाही, आणि पंख आखूड म्हणून शेपटाचा भाग उघडा. एवढे नुसत्या डोळ्यांनी दिसते.

पुढचे काम बारीक आहे. कडधान्यात दोन भुंगे सख्ख्या भावांसारखे असतात. शास्त्रात त्यांना कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस आणि कॅलोसोब्रुकस मॅक्युलेटस म्हणतात. नावे जड आहेत, भुंगे तीन-चार मिलिमीटरचे. पहिल्याच्या पाठीवर, मान संपते तिथे मधोमध, दोन पांढरे उंचवटे जोडीने असतात. त्याच्या नराच्या मिशा फणीसारख्या. दुसऱ्याच्या नर-मादी दोघांच्याही मिशा करवतीच्या दात्यांसारख्या, आणि मादीच्या उघड्या शेपटावर काळ्यात मधोमध पांढरी रेघ. नुसत्या रंगावर जाऊ नका. या दुसऱ्यात उडणारे आणि न उडणारे असे दोन प्रकार असतात, त्यांचे रंग जुळत नाहीत.

बंदोबस्त दोघांचा एकच, हे खरे. मग एवढी उठाठेव कशाला? काट्यावर आपल्याला किडा ओळखता आला नाही, तर समोरचा सांगेल तेच ऐकावे लागते.

आणखी एक. ही कीड कपाशीतल्या तुरीच्या शेंगांवरूनही घरात येते. दाण्यावर पांढरे ठिपके चिकटलेले दिसले की ती अंडी समजा. अळी तिथूनच आत शिरते आणि महिनाभराने भुंगा गोल भोक पाडून बाहेर येतो. म्हणून भोके पडायच्या आधी ठिपके पाहा, आणि असे दाणे बियाण्यात ठेवू नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने घरच्या तुरीतले, मुगातले चार-पाच भुंगे बाटलीत घालून आणावेत. ज्वारीतले वेगळ्या बाटलीत. भिंग आम्ही आणतो.