जनीचं जातं

(शतकमहोत्सवी वारीत, मुक्कामी हरिपाठानंतर झालेल्या भाषणाचा मजकूर)

विणेकरी बुवा म्हणाले, आजी, जनाबाईवर तुम्ही बोला. मी काही कीर्तनकार नाही. शाळा चौथीपर्यंत. पण ३९ वाऱ्या पायी झाल्यात आणि लग्न होऊन आले तेव्हा सासरी रोज जात्यावर दळण होतं, तेवढ्या बळावर बोलते.

जनाबाई गोदाकाठच्या गंगाखेडची. बापाचं नाव दमा. लहानपणीच ती पंढरपुरात दामाशेटी शिंप्याच्या घरी, म्हणजे नामदेवरायांच्या घरी कामाला राहिली. दळण, कांडण, पाणी, शेणगोठा. आणि त्याच घरात कीर्तन. ज्ञानोबा, गोरोबा, चोखोबा अशी माणसं तिच्या कानावर पडत होती. तिची शाळा ती. लिहिणं-वाचणं नाही, पण ऐकलेलं एक अक्षर वाया गेलं नाही.

देव जनीसंगं दळू लागला, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलीय. गोपाळपूरला तिचं जातंही दाखवतात. ही कथा निघाली की बाया डोळे पुसतात. का पुसतात? अहो, जातं दोघींचं असतं. समोर जोडीदारीण बसली की खुंटा हलका होतो, एक ओढते, दुसरी वैरण घालते, गाण्याला गाणं मिळतं. एकटीनं पायलीभर जोंधळे दळले की खांदा भरून येतो आणि गळाही. जनीच्या समोर कुणी नव्हतं. मग तिनं देवालाच समोर बसवला. तो तिच्यासंगं दळतो, पाणी भरतो, गोवऱ्या वेचतो, तिच्या डोक्यातल्या उवासुद्धा काढतो. कुणा पंडिताला असा देव सुचला नसता. हे मी म्हणते, महाराजांनी रागावू नये.

चालही तिथलीच. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं. तीन ओढी लांब, चौथी आखूड. जात्यावर म्हणून बघा, चौथ्या चरणाला हात आपोआप वैरणीकडे जातो. शास्त्र मला ठाऊक नाही, हात मात्र सांगतात.

ती देवाला नुसती आळवत नाही, भांडते. शिव्याही घालते. देवाचं पदक हरवलं तेव्हा आळ जनीवर आला आणि तिला सुळावर द्यायला नेलं, अशी कथा आहे. घरात काही हरवलं की आधी कामवालीकडे बघायचं, हे सातशे वर्षांत बदललं नाही बघा. सुळाचं पाणी झालं म्हणतात. पण त्या घटकेला तिला काय वाटलं असेल, ते तिच्या भांडणात ऐकू येतं.

आणि एका अभंगात तर ती डोक्यावरचा पदर ढळला तरी फिकीर करीत नाही. टाळ-वीणा घेऊन उघड बाजारातून निघते. हा अभंग आपल्या दिंडीत पुरुष गातात. छान गातात. वीणा मात्र शंभर वर्षांत एकाही बाईच्या गळ्यात पडली नाही. असू द्या, आज तो विषय नाही.

आजचा विषय लिहिण्याचा. नामदेवांच्या गाथेत जनीच्या नावाचे साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. सगळे तिचेच नसतील असं अभ्यासक म्हणतात. नसतील. कुणा अनाम बाईनं आपलं गाणं जनीच्या पदरात घातलं असेल. परंपरा सांगते, जनीचे अभंग पांडुरंगानं लिहून घेतले. इ. स. १३५० मध्ये ती गेली, पण शब्द राहिले, कारण कुणीतरी लिहिलं.

माझी आजेसासू जनीचीच लेक. पहाटे तीनला उठायची आणि दळण संपेपर्यंत तिची ओवी संपायची नाही. विठोबा, माहेर, मेलेला ल्योक, पावसानं दिलेला दगा, सगळं त्यात. गावात पिठाची गिरणी आली आणि आम्ही सुना खूश झालो. खोटं कशाला बोलू, खांदे सुटले. पण जातं थांबलं तशी ओवीही थांबली. म्हातारीला नुसतं बसून गाता यायचं नाही. ती गेली तेव्हा आमच्या घरात लिहिता येणारी पाच माणसं होती. एकानंही कागद घेतला नाही. त्यात मी पण होते.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखावर ओव्या जमवल्या. आमच्या गावाला कुणी आलं नाही.

या स्मरणिकेत विणेकऱ्यांची, चोपदारांची यादी आहे, ती असावीच. शेवटची आठ पानं कोरी ठेवा, असं मी बुवांना विनवलं, त्यांनी मानलं. उद्यापासून विसाव्याला वही घेऊन माझी नात बसेल. ज्या बाईला जी ओवी येते ती सांगा. चुकली तरी चालेल, अर्धी असली तरी चालेल.

आजेसासूची एक मला अर्धीच येते. उरलेली आमच्या नणंदबाईंना येत होती. त्या तिकडं मागं, तुळशीपाशी बसल्यात. वन्सं, जरा पुढं या.