अडकलेला चक
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या पूर्वजांची ऐरण आणि भाता यांविषयी या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले गेले आहे. मला आज लेथविषयी, आणि त्यातही एका लहानशा प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे. जुन्या लेथचा आटेदार चक स्पिंडलवर अडकून बसला, तर यंत्रास इजा न होता तो कसा काढावा? भगिनीवर्गास हा विषय रुक्ष वाटेल. परंतु एका चकापायी घरच्या चुली कशा अडतात, हे मी पाहिले आहे.

१९७४ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या चुलत्यांच्या कारखान्यात मी उमेदवारी करीत होतो. काका परगावी गेले होते आणि चक काही केल्या हलेना. मी बॅकगिअर टाकला आणि मोठ्या गिअरची खीळही आतच ठेवली. असे केले की स्पिंडल जागच्या जागी जखडतो. मग जबड्यावर हातोडा चालविला. तिसऱ्या घावास बॅकगिअरचे दोन दात तुटून खाली पडले. गिअर बिडाचा, बीड दाब सोसते, झटका सोसत नाही. नवा गिअर कापून येईपर्यंत तीन आठवडे लेथ बंद राहिला. दोन कामगारांना घरी बसावे लागले. त्यांतील एकाच्या घरी बाळंतपण होते. काका मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

असा चक अडकतो तो बहुधा कामाच्याच जोराने. आट्यांचा फेर असा असतो की कापतेवेळी हत्याराचा रोध चकास अधिकच आवळीत जातो. हत्यार एकाएकी रुतले की तो पुरता बसतो. तेव्हा तो सोडविताना जोर चकावर यावा, गिअरच्या दातांवर कदापि येऊ नये.

प्रथम वीज मुळातून तोडावी आणि चकाखाली बेडवर फळी ठेवावी. आट्यांच्या तोंडाशी पातळ तेल सोडून रात्रभर थांबावे. ही रात्रच आपल्याला जड जाते! सकाळी चकात षट्कोनी सळई घट्ट धरावी. बॅकगिअर सोडलेला व खीळ आत असावी. पुलीच्या सर्वांत मोठ्या पायरीवर चामडे गुंडाळून, अर्धगोल कोरलेल्या दोन लाकडी फळ्या बोल्टांनी आवळाव्या आणि त्यांचे पुढचे टोक खालच्या भक्कम ठोकळ्यावर टेकवावे. मग सळईला लांब पाना लावून तो वरच्या बाजूने आपल्याकडे ओढावा. ओढ सलग वाढवीत न्यावी, हिसका नको.

एवढ्यानेही न सुटल्यास मागील बोल्ट काढून चकच बॅकप्लेटपासून वेगळा करावा. बॅकप्लेट उघडी पडली की तिच्या बोल्टांच्या भोकांवर जाड लोखंडी पट्टी आवळून तीच तरफ म्हणून वापरता येते. अगदी शेवटी उष्णता. आधी सांडलेले तेल निपटून पुसावे, नाहीतर पेट घेईल. बॅकप्लेटला सभोवार हळूहळू ऊब द्यावी आणि स्पिंडलच्या पोकळीत ओला कपडा सारून तो थंड राखावा. बाहेरचे प्रसरण पावते, आतले नाही, आणि पकड ढिली होते. बेअरिंगपर्यंत धग पोचू देऊ नये. कॅमलॉक पद्धतीच्या लेथवर आटेच नसल्याने हा सारा खटाटोप लागत नाही. परंतु आपल्यातील किती घरांची भाकरी अजून जुन्या लेथवर आहे, हे आपण जाणताच.

काकांनी परत आल्यावर तो चक पट्टीच्याच रीतीने काढला. मला जवळ बोलावून त्यांनी बॅकप्लेटच्या आट्यांत बोट फिरविले आणि पोलादी किसाचा तांदळाएवढा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. चक बसविताना आटे पुसण्याचे काम माझे होते. त्या दिवसापासून दोन्हीकडचे आटे ब्रशने झाडून, तेलाचा थेंब लावून, चक हाताने अलगद टेकेपर्यंत मी फिरवितो. काहीजण खांद्याशी पातळ कागदाची चकतीही घालतात. तिने चक सुटतो सहज, पण बारीक मापाच्या कामात ती मी घालीत नाही.