फिरायला जायचा रस्ता

(अंबड येथे बचत गटांच्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण सुरू करण्याआधी मी तुम्हाला दोन प्रश्न विचारते. ज्यांना सायकल चालवता येते त्यांनी हात वर करा. बरेच हात आहेत, निम्म्याहून जास्त. आता गेल्या महिनाभरात ज्या सायकलवर बसल्या, तेवढ्याच हात वर ठेवा. पाच. त्यातल्या चौघी शाळेतल्या मुली आहेत.

म्हणजे सायकल आपण शिकलो होतो. कुणी भावाच्या सायकलवर हाफ पायडल मारत शिकली, कुणी तासाच्या भाड्यानं आणलेल्या सायकलवर. एकदा शिकलेली सायकल अंग विसरत नाही. मग ती सुटली कशी? बहुतेकींना कुणी उघड बंदी घातली नव्हती. न्हाण आलं आणि "आता मोठी झालीस" एवढं एकच वाक्य पुरलं. त्यामागची भीती आपण मोठ्यानं बोलत नाही, म्हणून मी इथे बोलते. सायकल चालवल्यानं मुलीचं "काहीतरी बिघडतं", लग्नात अडचण येते, हा समज खोटा आहे. योनिपटलावरून बाईच्या चारित्र्याची परीक्षा होत नाही. ते खेळण्यानं, धावण्यानंही ताणलं जातं, आणि सगळ्यांचं सारखं नसतं. बलात्काराच्या तपासात केली जाणारी दोन बोटांची चाचणी अशास्त्रीय आहे, ती करणं हे गैरवर्तन मानलं जाईल, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2022 मध्ये बजावलं. जी गोष्ट न्यायालयात पुरावा ठरत नाही, ती आपल्या ओट्यावर कशी ठरते?

आज मी रहदारी नसलेल्या, सायकलवर नुसतं फिरायला जाता येईल अशा रस्त्यांबद्दल बोलणार आहे. काही जणी हसतील. पाणी, रेशन, दारू, मारहाण सोडून ही ताई फिरायला जायचं काय घेऊन बसली! दोन वर्षांपूर्वी मीही हसले असते. एका मुलीमुळे माझं मत बदललं.

ती एका वस्तीवर राहते, नाव सांगत नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, तशी तिलाही मिळाली. शाळा चार किलोमीटरवर, सगळी मोठ्या रस्त्यानं. उसाचा हंगाम सुरू झाला. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर मागून आला, समोरून जीप आली. पोरगी रस्त्याच्या खाली उतरायला गेली तर साइडपट्टी खचलेली. ती पडली. हाताला प्लास्टर, बाकी देवाची कृपा. पण त्या दिवसापासून सायकल माळ्यावर गेली, आणि महिन्याभरात घरी पाहुणे येऊ लागले. मुलगी नववीत.

मी वडिलांना समजावायला गेले. अठरा वर्षांच्या आत लग्न हा गुन्हा आहे, 2006 चा कायदा आहे, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, कायदा खरा. पण त्या रस्त्यानं रोज पोरीसोबत तुम्ही येणार का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. समाजकार्याच्या पदवीत या प्रश्नाचं उत्तर शिकवलं नव्हतं. तो माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. सायकल दिली होती, रस्ता कुणीच दिला नव्हता.

सायकलीनं काय होतं हे आता अंदाजावर राहिलेलं नाही. बिहारमध्ये 2006 पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी जवळजवळ एक तृतीयांशानं वाढली, मुलामुलींमधलं अंतर 40 टक्क्यांनी घटलं. त्याही आधी, 1991 मध्ये, तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर बायांना सायकल शिकवण्याची मोहीम झाली. शीला राणी चुंकत तिथल्या कलेक्टर होत्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. सुमारे लाखभर ग्रामीण बाया सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, परिचारिका, अंगणवाडीच्या ताया. लेडीज सायकली पुरल्या नाहीत तर त्या जेंट्स सायकली चालवू लागल्या आणि पुढच्या दांडीवर पोर बसवू लागल्या! अमेरिकेत दारूबंदीच्या चळवळीतल्या फ्रान्सिस विलार्ड त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या आणि 1895 मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. तेव्हा "आता या वयात काय" हे कारण आज इथे चालणार नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. योजनेतली सायकल मिळते ती शाळेत जाऊन परत येण्यासाठी. बाईनं बाहेर पडायचं तर काम हवं. दळण, पाणी, बाजार, दवाखाना, नाहीतर देवीचं दर्शन. नवरात्रात मत्स्योदरीच्या यात्रेला आपण निर्धास्त फिरतो, कारण तिथे कारण विचारत नाहीत. पुरुष मात्र "जरा चक्कर मारून येतो" म्हणतो आणि चप्पल घालतो. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळेच्या वापराच्या पाहणीत बायांची बिनपगारी घरकामाची रोजची वेळ 289 मिनिटं निघाली, पुरुषांची 88. आपले पावणेपाच तासांहून जास्त, त्यांचा दीड तासही नाही. या हिशेबात आपली चक्कर कुठे बसणार? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायांवर 2011 मध्ये एक पुस्तक लिहिलं. बाईला काहीही कारण न देता बाहेर रेंगाळण्याचा हक्क हवा, हे त्यातलं म्हणणं. मुंबईत हवा, तर अंबडमध्येही हवा.

आता रस्त्यांकडे येऊ. अंबडमधून जालना, वडीगोद्री, पाचोड आणि घनसावंगी असे चार मोठे रस्ते निघतात. चारही रस्त्यांवर ट्रक, बस, काळीपिवळी, आणि हंगामात ऊस. पण या रस्त्यांच्या आधीपासून आपल्याकडे गाडीवाटा आहेत, पाणंदी आहेत, शिवरस्ते आहेत. बैलगाड्या कमी झाल्या आणि आपण या वाटा विसरलो. वाटा मात्र गावच्या नकाशावर आहेत. मागच्या उन्हाळ्यात आम्ही नऊ जणी दोन रविवार या वाटा पायी फिरलो. काय दिसलं ते सांगते.

पहिलं, वाटा आहेत पण सलग नाहीत. कुठे बांध फोडून नांगर वाटेवर आला आहे, कुठे काटेरी कुंपण, कुठे पावसात गुडघाभर चिखल.

दुसरं सगळ्यात महत्त्वाचं. जिथे वाहन नाही ती जागा बाईसाठी आपोआप सुरक्षित होत नाही. पुरुषाला निवांत रस्ता मिळाला की तो खूश होतो. आपल्याला निवांत रस्ता दिसला की आपण मागे वळून बघतो. उन्हाळ्यात रान मोकळं असतं, लांबवरचं माणूस दिसतं. तीच वाट दिवाळीनंतर दोन्ही बाजूंनी उसात बुडते. म्हणून आम्ही वाट निवडताना विचारलं, सकाळी सात वाजता इथे कोण असतं? जिथे निंदणी-खुरपणीच्या बाया असतात, वस्ती हाकेच्या अंतरावर आहे, त्या वाटेवर आम्ही बरोबरची खूण केली. बाईच्या रस्त्याला नुसतं डांबर पुरत नाही, माणसं लागतात.

तिसरं, कालवा. जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटरचा, आपल्या तालुक्यातून वडीगोद्रीच्या बाजूनं पुढे जातो. भरावावरचा रस्ता सपाट, ऐन फिरण्यासारखा. पण तो पाटबंधारे खात्याच्या पाहणीसाठी आहे, त्याला कठडा नाही, आणि आवर्तन सुरू असताना पाण्यात पडलेल्याला निसरड्या उतारावरून वर येता येत नाही. तिथे परवानगी मागू, मोठ्या बाया गटानं जाऊ. लहान मुलींना तिकडे नेणार नाही.

चौथं, कुणाच्या वस्तीवरून कुणी जायचं हा प्रश्न आला. आमच्या गटातल्या एकीनं एका वळणावर सांगितलं, "इथून पुढं आमच्या लोकांना जाऊ देत नाहीत." सायकलीच्या वाटेवरही जात आडवी येते. तिथून वळायचं नाही असं आम्ही नऊ जणींनी ठरवलं आणि सगळ्या मिळून गेलो. कुणी अडवलं नाही. एकटीला अडवलं असतं.

यासाठी नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागण्याचा अर्ज तहसीलदाराकडे करता येतो. वहिवाटीची वाट अडवली असेल तर 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. पाणंद रस्त्यांसाठी राज्य सरकारनं 2021 मध्ये मातोश्रींच्या नावानं योजनाही काढली. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे, तिथे हा विषय मांडा. अर्जात फक्त "शेतमाल" लिहू नका. "शाळेत जाणाऱ्या मुली आणि फिरायला जाणाऱ्या स्त्रिया" असंही लिहा. कागदावर आपण आलो नाही तर वाटेवरही येत नाही.

त्या मुलीचं काय झालं? तिच्या वस्तीपासून शाळेच्या मागच्या बाजूपर्यंत जुनी गाडीवाट निघाली. एका ठिकाणी कुंपण आहे, त्याचा अर्ज तहसीलमध्ये आहे, निकाल अजून नाही. पण कुंपणाच्या मालकिणीकडे आम्ही चहाला गेलो. तिनं एक फळी काढली, सायकल आडवी करून निघते. वस्तीवरच्या चार मुली आता एकत्र जातात, उसाच्या टप्प्यात एक आई सोबत चालते. पाहुणे येणं थांबलं आहे. कायमचं थांबलं असं मी म्हणणार नाही.

आणि एका रविवारी ती मुलगी शाळा नसताना त्या वाटेवर गेली. आईनं विचारलं, "कुठं निघालीस?" ती म्हणाली, "कुठं नाही." आईनं मला हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मत्स्योदरीच्या टेकडीखाली जमायचं आहे. सायकल असेल त्यांनी सायकल आणा, नसेल त्यांनी शेजारणीची मागा. साडी असेल तर काष्टा घाला. घरी कारण विचारलं तर सांगा, काही काम नाही, फिरायला चालले.