माळ पडीक नसतो



आमचे शाळेतील शिक्षण सातवीत थांबले. पुढचे जे काही मिळाले ते हमालांच्या बैठकांतून आणि सार्वजनिक वाचनालयातून. तेव्हा पक्षिशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही, हे आधीच कबूल करतो. सांगलीहून निघताना हळदीच्या पेठेतील एक हमाल म्हणाला, ‘अण्णा, मजुरीवाढीचं सोडून पाखरामागं कशाला लागलाय?’ त्याला जे उत्तर देणे आहे, तेच येथे मांडतो.

पाखरू म्हणजे माळढोक. पुरुषाच्या कमरेपर्यंत पोचणारा, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी. नर विणीच्या काळात घुमतो. त्या घुमण्यावरून आपल्याकडे त्याला ‘हूम’ असेही म्हणत. टोळ, भुंगेरे, सरडे, बोरे, शेंगा हे त्याचे अन्न. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. त्यावर गुराचा पाय पडला किंवा कुत्र्याने ते पळविले, म्हणजे त्या घराचे वर्ष बुडाले.

1969 साली देशात असे सुमारे 1260 पक्षी असावेत, असा अंदाज होता. आज सुमारे दीडशे उरले आहेत, आणि तेही बहुतेक राजस्थानात. 2011 साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरविले. त्याखाली ‘निसर्गातून नामशेष’ आणि ‘नामशेष’ एवढ्या दोनच पायऱ्या आहेत.

असे का झाले? शिकार झाली, हे खरे. परंतु 1972 च्या कायद्याने शिकारीस बंदी केल्यावरही पक्षी घटतच गेला, कारण माळ घटत गेला. पाणी आले तेथे ऊस आला. पाणी नव्हते तेथे सरकारी झाडे लागली; गवताच्या पक्ष्याला झाडी नको असते, हे कोणी विचारात घेतले नाही. त्यात विजेच्या तारांची भर पडली. या पक्ष्याचे डोळे बाजूंना असतात. समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही, आणि जड अंगामुळे चटकन वळताही येत नाही. राजस्थान आणि गुजरातेतील अशा तारा जमिनीखालून न्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली सांगितले. 2024 साली तो आदेश सर्वत्र पाळणे शक्य नाही म्हणून बदलला आणि तज्ज्ञांची समिती नेमली.

आपल्या शेजारी सोलापूरकडे नान्नज आहे. 1979 साली सोलापूर-नगर भागात माळढोकाचे अभयारण्य झाले. पुढे त्याचे क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरांवर गेले. त्यात गावेच्या गावे, शेते, रस्ते सारे सापडले. जमिनीचे व्यवहार अडले, आणि शेतकरी पाखराला शिव्या देऊ लागला. शेवटी ते क्षेत्र सुमारे बाराशेंवर आणावे लागले. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते.

आता दुसरे उदाहरण पाहा. इंडोनेशियातील बाली बेटावर एक पांढरी गाणारी मैना आहे. पिंजऱ्यासाठी तिला इतके पकडले की, एकेकाळी रानात दहासुद्धा उरल्या नव्हत्या. तीही अतिसंकटग्रस्तच आहे. 2006 पासून शेजारच्या नुसा पेनिडा बेटावर पाळलेल्या मैना सोडल्या. तेथील गावकऱ्यांनी आपल्या गावरूढीतच नियम केला, की ही मैना कोणी धरायची नाही. तो नियम वरून आलेला नव्हता. ज्यांनी पाळायचा त्यांनीच तो केला होता. संघटनेत आयुष्य घातलेल्या माणसाला यातले मर्म वेगळे सांगावे लागत नाही.

माण, खटाव, आटपाडी, जत येथील आपले माळही बेटेच होत चालले आहेत. त्यांच्या भोवती समुद्राऐवजी ऊस आहे, एवढेच. येथे आम्हांस आमची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्याच पत्रकात आम्ही लिहिले होते, ‘पडीक माळ कारखान्यांना द्या, पोरांना काम मिळेल.’ कामाची मागणी रास्त होती. पण पत्रक वाचून एक म्हातारा मेंढपाळ कचेरीत आला आणि म्हणाला, ‘आमची मेंढरं मग कुठं चारायची?’ तो आमचा सभासद नव्हता. त्याला विचारावे, हे आमच्या मनातही आले नव्हते. माळढोकाला तर कचेरीची पायरी चढता येत नाही.

पोरांना काम हवे, हे आम्ही आजही म्हणतो. माळ द्यायचा तर आधी त्यावर कोण जगते त्याची मोजदाद करा, एवढे त्यात जोडतो. जेथे मेंढरू शिस्तीने चरते, तेथे गवत राहते. गवत राहिले तर तितर, चंडोल, खोकड राहतात. प्रत्येक ग्रामसभेने आपल्या गायरानाचा एक तुकडा विणीच्या दिवसांत मोकळा ठेवावा, आणि कोणता ते मेंढपाळाने सांगावे.

माळढोक आपल्याकडे परतेल, असे खोटे आश्वासन आम्ही देत नाही. राजस्थानात अंडी उबवून पिले वाढविण्याचे काम 2019 पासून चालू आहे. उद्या ती पिले कोठे सोडावीत असा प्रश्न निघाला, तर दाखवायला निदान माळ तरी असावा.

त्या हमालबंधूला आमचे उत्तर एवढेच: ज्याला बोलता येत नाही त्याची बाजू सोडून आपली मजुरी वाढविली, तर ती आपल्या संघटनेला शोभणार नाही.